लिनक्स फाइल सर्व्हर बदलताना : आधी माणसे, मग फाइली

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात फाइल सर्व्हर म्हणजे बहुधा हिशेब विभागाच्या मागच्या खोलीत यूपीएसशेजारी ठेवलेले एक जुने यंत्र असते. डिझाइन विभागाची ड्रॉइंग्ज, टॅलीचा डेटा, जीएसटीची विवरणपत्रे आणि ऑडिटची कागदपत्रे त्यावर वर्षानुवर्षे साठत गेलेली असतात आणि ते निमूट चालते म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अशा अनेक यंत्रांवर आजही सेंटओएस ७ हे लिनक्सचे जुने वितरण (तयार संच) आहे. त्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि त्या प्रकल्पाकडून येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या तेव्हापासून थांबल्या, त्यामुळे डेबियन, उबंटू सर्व्हर किंवा आल्मालिनक्सच्या चालू आवृत्तीवर स्थलांतर करणे आता पुढे ढकलण्यासारखे राहिलेले नाही.

हे मार्गदर्शन एकाच सर्व्हरवर स्थानिक खाती असलेल्या, विंडोज संगणकांना सांबा या फाइल-वाटप सॉफ्टवेअरमार्फत फोल्डर देणाऱ्या आणि पाच-पन्नास माणसे वापरत असलेल्या कार्यालयासाठी आहे. खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मध्यवर्ती खाते-व्यवस्थेत, असतील तर वापरकर्ते हलवण्याचा प्रश्न येत नाही. तिथे नवा सर्व्हर डोमेनला जोडताना आयडीमॅपची (विंडोजच्या खात्यांना लिनक्सचे क्रमांक देण्याची) पद्धत आणि क्रमांकांची मर्यादा जुन्या सर्व्हरप्रमाणेच ठेवणे एवढेच कटाक्षाने पाहावे. आज्ञा आणि पर्याय यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यावयाची आहेत.

मालकी नावावर नसते, क्रमांकावर असते

फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सोपे आहे. बिघडते ती मालकी, आणि ती का बिघडते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. लिनक्सची फाइल प्रणाली फाइलीच्या मालकाचे नाव साठवत नाही. ती फक्त यूआयडी (वापरकर्त्याचा) आणि जीआयडी (गटाचा) हे दोन क्रमांक साठवते. सातबारावर जमीन गट क्रमांकाने ओळखली जाते, मग गावातले लोक तिला वडाचा मळा म्हणोत की खालचे वावर. तसेच हे आहे. स्क्रीनवर जे नाव दिसते ते त्या क्षणी ईटीसी या मांडणीच्या निर्देशिकेतील पासडब्ल्यूडी फाइलीतून शोधून दाखवलेले असते. जुन्या सर्व्हरवर १००४ हा क्रमांक हिशेबनीसाचा असेल आणि नव्या सर्व्हरवर तोच क्रमांक खरेदी विभागातील नव्या मुलाला मिळाला असेल, तर क्रमांक जसेच्या तसे ठेवून आणलेली पगारपत्रके त्या मुलाच्या मालकीची होतात, आणि कोणतीही आज्ञा त्याबद्दल चूक दाखवत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा की आधी वापरकर्ते आणि गट त्यांच्या मूळ क्रमांकांसह नव्या सर्व्हरवर जावेत आणि त्यानंतरच पहिली फाइल जावी. घाईच्या कामात हा क्रम उलटा होतो आणि मग लाखो फाइलींची मालकी हाताने सुधारण्याची वेळ येते.

हलवण्यापूर्वीची प्रत

स्थलांतर म्हणजे बॅकअप नव्हे. स्थलांतर सुरू करण्यापूर्वी एक स्वतंत्र, सर्व्हरपासून तोडून ठेवता येईल अशी पूर्ण प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. बाजारातून आणलेली यूएसबी डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस स्वरूपात येते. एक्सफॅटमध्ये मालकी, परवानग्या आणि एसीएल (व्यक्तिनिहाय जादा परवानग्या) साठवण्याची सोयच नाही, त्यामुळे तिच्यावर सरळ फाइली कॉपी केल्यास मजकूर वाचतो आणि बाकी सर्व हरवते. डिस्क ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस स्वरूपात तयार करून घ्यावी. ते शक्य नसेल तर टार या आज्ञेने सर्वांची एक अखंड फाइल करावी आणि ती करताना एसीएल, एक्सॲट्रिब्यूट आणि न्यूमरिक-ओनर हे तिन्ही पर्याय द्यावेत.

फोल्डरांखेरीज पूर्ण ईटीसी निर्देशिका, सांबाचा व्हीएआर-लिबखालील साठा, प्रत्येकाच्या क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी आणि स्थापित पॅकेजांची यादी या प्रतीत असावी. क्रॉनच्या नोंदी हटकून विसरल्या जातात, कारण त्या घराच्या निर्देशिकेत नसून व्हीएआरखालील स्पूलमध्ये असतात. आल्मालिनक्स-सेंटओएसमध्ये त्या स्पूलमधील क्रॉन फोल्डरात आणि डेबियन-उबंटूमध्ये त्याच्या आत आणखी एका क्रॉनटॅब्ज नावाच्या फोल्डरात सापडतात. कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या जागेची मर्यादा, लावलेला असेल तर रेपकोटाचे उत्तर एका फाइलीत उतरवून ठेवावे; कोट्याच्या मर्यादा फाइलींबरोबर प्रवास करत नाहीत, त्या नव्या ठिकाणी पुन्हा लावाव्या लागतात. एसीएल वापरात असल्यास गेटएफएसीएल ही आज्ञा रिकर्सिव्ह पर्यायासह चालवून तिचे उत्तरही जपून ठेवावे, कारण पुढे काही बिघडले तर सेटएफएसीएलच्या रिस्टोअर पर्यायाला हीच फाइल देऊन परवानग्या पूर्ववत करता येतात.

टॅलीचा डेटा या सर्वांत नाजूक. कोणाच्या तरी संगणकावर कंपनी उघडी असताना घेतलेली प्रत अर्धी जुनी आणि अर्धी नवी असू शकते, आणि ते कळते ते थेट उघडताना. सर्व संगणकांवरील टॅली बंद असल्याची खात्री करूनच ती प्रत घ्यावी; कोणती फाइल कोणाकडे उघडी आहे हे एसएमबीस्टेटस दाखवते. मारियाडीबीसारखा डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर त्याच्या चालू फाइली उचलू नयेत, त्याचा डंप (डेटाबेसनेच काढून दिलेली प्रत) घ्यावा.

प्रत झाली की तिच्यातून एखादा फोल्डर वेगळ्या ठिकाणी परत काढून पाहावा आणि त्यातील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. परत काढून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून पुढचे पाऊल टाकण्यात अर्थ नाही.

वापरकर्ते आणि गट

चार फाइली महत्त्वाच्या आहेत : पासडब्ल्यूडी (खाती), शॅडो (त्यांचे पासवर्ड), ग्रुप (गट) आणि जीशॅडो (गटांचे पासवर्ड). या फाइली नव्या सर्व्हरवर जशाच्या तशा कॉपी करण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्यांत माणसांच्या खात्यांबरोबर प्रणालीची खातीही असतात, आणि त्यांचे क्रमांक प्रत्येक वितरणात निराळे असतात. जुन्या फाइलीने नवी झाकली गेली तर नव्या सर्व्हरवरील सेवा सुरूच होणार नाहीत.

फक्त माणसांच्या ओळी वेगळ्या काढाव्यात. सेंटओएस ७, आल्मालिनक्स, डेबियन आणि उबंटू या सर्वांत माणसांच्या खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात आणि ६५५३४ हा क्रमांक नोबडी या प्रणालीच्या खात्याचा (सेंटओएस ७ मध्ये एनएफएसनोबडीचा) असतो. पासडब्ल्यूडीतील अपूर्णविरामाने विभागलेला तिसरा रकाना यूआयडीचा, त्यामुळे ऑक या मजकूर गाळणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीत १००० ते ६०००० मधील नोंदी निवडता येतात. ग्रुपसाठीही हाच नियम लावावा, मात्र प्रणालीच्या एखाद्या गटात माणसे घातलेली आहेत का हे डोळ्यांनी तपासावे. सेंटओएसवर व्हील या प्रशासकांच्या गटात असलेल्याला डेबियनवर सूडो गटात घालावे लागते. शॅडो फाइलीत यूआयडी नसतोच, म्हणून तिच्यातील ओळी आधीच्या यादीतील नावांवरून निवडाव्या लागतात.

ही यादी हाती आली की नव्या सर्व्हरवर टाकण्याआधी ती मनुष्यबळ विभागातील व्यक्तीसमोर ठेवावी. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती तिच्यात हमखास निघतात. ती खाती काढून टाकू नयेत, कारण त्यांच्या मालकीच्या फाइली शिल्लक असतात आणि क्रमांक मोकळा सोडल्यास तो पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो. खाते आणावे, परंतु कुलूपबंद करून ठेवावे. ज्या फाइलींचा मालक जुन्या सर्व्हरवरच उरलेला नाही त्या फाइंडच्या नोयूझर आणि नोग्रुप या पर्यायांनी शोधून काढाव्यात आणि त्यांचा निकाल तिथेच लावावा.

आता या कामातील सर्वात ठरलेली टक्कर. नव्या सर्व्हरवर लिनक्स स्थापित करताना आपण जे पहिले खाते तयार करतो त्याला १००० हा क्रमांक मिळतो, आणि जुन्या सर्व्हरवर १००० क्रमांकाचा कोणीतरी खराखुरा माणूस असतोच. यादी चिकटवण्यापूर्वी नव्या प्रशासक खात्याचा क्रमांक यूझरमॉडने आणि त्याच्या गटाचा क्रमांक ग्रुपमॉडने पाच हजारांच्या पुढे कुठेतरी नेऊन ठेवावा. स्वतः त्याच खात्यातून लॉगइन असताना यूझरमॉड नकार देते, म्हणून हे काम रूट या सर्वाधिकारी खात्याच्या सत्रातून करावे. मुळात सेंटओएस ६ असेल तर अडचण आणखी आहे, कारण तिथे माणसांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत आणि नव्या वितरणांत ५०० ते ९९९ हा पट्टा प्रणालीच्या खात्यांसाठी राखीव आहे. अशा वेळी प्रत्येकाला नवा क्रमांक द्यावा आणि फाइली आणताना आरसिंक या प्रत घेणाऱ्या आज्ञेच्या यूझरमॅप व ग्रुपमॅप या पर्यायांनी जुन्या क्रमांकाची नव्याशी जोडी लावावी. फाइली आणल्यावर चाउनने मालकी बदलण्याचा दुसरा मार्गही आहे, पण चाउन एसीएलमध्ये नोंदवलेले क्रमांक बदलत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

ओळी जोडण्यासाठी साधा संपादक न वापरता व्हायपीडब्ल्यू आणि व्हायजीआर वापरावेत, म्हणजे काम चालू असताना फाइलीला कुलूप राहते. शेवटी पीडब्ल्यूसीके आणि जीआरपीसीके चालवून चारही फाइलींचा मेळ बसतो का ते पाहावे. शॅडोतील जुने पासवर्ड-हॅश (पासवर्डांची सांकेतिक रूपे) नव्या प्रणालीला वाचता येतात, त्यामुळे कोणालाही पासवर्ड बदलण्याची गरज पडत नाही. उलट दिशेने मात्र ते चालत नाही : डेबियन ११ पासून येसक्रिप्ट हा प्रकार मूळ निवड म्हणून वापरला जातो आणि सेंटओएस ७ ला तो कळत नाही, म्हणून नव्या सर्व्हरवर बदललेला पासवर्ड घेऊन जुन्याकडे परत जाता येत नाही.

सांबा

विंडोज संगणकावरून सर्व्हरला दिला जाणारा पासवर्ड शॅडोतील पासवर्ड नव्हे. सांबा स्वतःचा वेगळा एनटी हॅश पासडीबी नावाच्या टीडीबी फाइलीत ठेवतो, आणि ती फाइल व्हीएआर-लिब-सांबाखालील प्रायव्हेट फोल्डरात असते. शॅडो आणून निश्चिंत झालेल्या प्रशासकाला दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब विभागातून, ‘दादा, फोल्डर दिसतंय पण पासवर्ड घेत नाही,’ असा फोन येतो तो यामुळेच. पीडीबीएडिटच्या एक्सपोर्ट पर्यायाने जुन्या सर्व्हरवरील नोंदी एका फाइलीत काढाव्यात आणि इंपोर्टने नव्या सर्व्हरवर भराव्यात. त्याआधी लिनक्सची खाती तयार असली पाहिजेत, कारण सांबाची प्रत्येक नोंद त्यांच्याशी बांधलेली असते. चालू सांबाच्या टीडीबी फाइलींची सुरक्षित प्रत हवी असल्यास टीडीबीबॅकअप वापरावे. ती निघालेली फाइल पासवर्डाइतकीच गोपनीय मानावी आणि काम झाल्यावर नष्ट करावी, कारण एनटी हॅश हाती लागलेल्याला मूळ पासवर्ड माहीत असण्याची गरज उरत नाही.

सर्व्हरचे नाव बदलत असेल तर जुन्या सर्व्हरवर नेट गेटलोकलएसआयडी या आज्ञेचे उत्तर लिहून घ्यावे आणि नव्यावर नेट सेटलोकलएसआयडीने तोच एसआयडी (विंडोजला दिसणारी सर्व्हरची ओळख) द्यावा. एसएमबी.कॉन्फ आणल्यावर टेस्टपार्म चालवावे; कालबाह्य झालेले पर्याय ते नावानिशी दाखवते.

कारखान्यांच्या बाबतीत एका गोष्टीवर थोडे थांबणे आवश्यक आहे. शॉप फ्लोअरवर सीएनसी यंत्राशेजारी विंडोज एक्सपीचा एखादा संगणक अजूनही असतो आणि तो सर्व्हरवरून प्रोग्रॅम उचलतो. एक्सपीला एसएमबी या फाइल-वाटपाच्या प्रोटोकॉलची पहिलीच आवृत्ती येते, आणि सांबा ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती आवृत्ती मूळ मांडणीत बंद आहे. स्थलांतरानंतर ऑफिस सुरळीत चालते आणि यंत्र मात्र थांबते, मग ज्याला सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नाही तो शिफ्ट सुपरवायझर पहिली तक्रार करतो. सर्व्हर मिन प्रोटोकॉल खाली आणून सर्वांसाठी जुने दार उघडणे हा उपाय झटपट असला तरी माझ्या मते तो करू नये. त्या यंत्रांसाठी वेगळ्या नेटवर्कवर एक लहानसा संगणक ठेवावा, त्याच्यावर फक्त प्रोग्रॅमचा फोल्डर असावा आणि मुख्य सर्व्हरने त्यात फाइली पोहोचवाव्यात.

फाइली

येथे आरसिंकला पर्याय नाही. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते प्रसिद्ध केले, आणि सांबाची सुरुवातही त्याच ट्रिजेल यांनी केली. आर्काइव्ह हा पर्याय दिला की सर्व काही आले, ही समजूत चुकीची आहे. त्यात हार्ड लिंक (एकाच फाइलीची दोन नावे), एसीएल आणि विस्तारित गुणधर्म येत नाहीत, म्हणून हार्ड-लिंक्स, एसीएल्स आणि एक्सॲटर्स हे पर्याय वेगळे द्यावेत. त्यांच्या जोडीला न्यूमरिक-आयडीज द्यावा, म्हणजे आरसिंक नावे जुळवण्याच्या भानगडीत न पडता क्रमांक तसेच ठेवील. दोन्ही बाजूंना रूटचा अधिकार नसेल तर मालकी टिकत नाही.

स्रोताच्या मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डरातील सामग्री जाते, नसेल तर फोल्डरच जातो. डिलीट पर्याय वापरताना ही एक रेघ इकडची तिकडे झाल्यास नव्या ठिकाणचे भलतेच काही पुसले जाऊ शकते; तेव्हा डिलीट असलेली प्रत्येक आज्ञा आधी ड्राय-रन पर्यायाने चालवून तिचे उत्तर वाचावे आणि मगच खरी चालवावी. काम टीमक्सच्या सत्रात सुरू करावे, म्हणजे आपला लॅपटॉप बंद झाला तरी प्रत चालू राहते.

वेळेचा अंदाज आधी काढावा. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळतात, म्हणजे १ टेराबाइटला अडीच तास. पण मध्ये कुठे १०० मेगाबिटचा जुना स्विच असेल तर त्याच १ टेराबाइटला पूर्ण दिवस-रात्र लागते. लाखो लहान फाइली असतील तर वेग याहून खाली येतो. दोन्ही यंत्रे एकाच चांगल्या केबलने थेट जोडणे हा अनेकदा सर्वात स्वस्त उपाय ठरतो.

मराठी फाइलनावांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्हींत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. त्यामुळे नावात सुमारे ८५ चिन्हे मावतात, तर विंडोजच्या एनटीएफएसवर २५५. ईक्रिप्टएफएस वापरून कूटबद्ध केलेल्या फोल्डरात मर्यादा १४३ बाइटपर्यंत उतरते, आणि ‘ग्रामपंचायत पाणीपुरवठा योजना पाइप निविदा सुधारित दरपत्रक अंतिम’ अशी नावे तिथे अडकतात.

दुसरी गोम ‘ऱ्य’ची आहे. निफाड-पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराकडे ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाइल असणारच. एका कळफलकावर हे नाव ऱ आणि हलन्त यांनी टंकित होते, दुसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पहिले नाव ४६ बाइटचे, दुसरे ४९ बाइटचे, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखीच. एकाच फोल्डरात ‘तीच’ फाइल दोनदा दिसली तर आरसिंकने घोळ घातला असे समजून एक पुसू नये. त्या दोन भिन्न फाइली आहेत आणि कोणती चालू आहे हे ती वापरणाऱ्यालाच विचारावे.

पहिली फेरी कामकाज चालू असतानाच करावी. तिला कितीही वेळ लागो, कोणाची अडचण होत नाही. त्यानंतर रोज रात्री एक फेरी होऊ द्यावी. आरसिंक आकार आणि बदलाची वेळ पाहून फक्त बदललेल्या फाइली आणतो, त्यामुळे शेवटच्या दिवसासाठी थोडेच काम उरते.

बदलाचा दिवस

दिवस निवडताना महिन्याची ११ आणि २० तारीख टाळावी, कारण जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांची मासिक मुदत त्या दिवशी संपते. द्राक्ष निर्यातदारांनी जानेवारी ते एप्रिल हा हंगाम पूर्णच टाळावा. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोयीची वाटते, परंतु महावितरण देखभालीसाठी वीज त्याच दिवशी बंद ठेवणार नाही ना, याची आधी चौकशी करावी.

त्या दिवशी जुन्या सर्व्हरवरील सांबा थांबवावा, क्रॉन थांबवावा, आणि डिलीट पर्यायासह शेवटची फेरी करावी. आल्मालिनक्स असेल तर सामायिक फोल्डरांना सेमॅनेजने सांबा-शेअर-टी हा प्रकार देऊन रिस्टोअरकॉन चालवावे. अन्यथा परवानग्या बिनचूक असूनही एसईलिनक्स ही जादा सुरक्षा-व्यवस्था दार उघडत नाही. मग जुन्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढावी आणि त्यानंतरच त्याचा आयपी पत्ता व नाव नव्या सर्व्हरला द्यावे. एकच पत्ता दोन यंत्रांवर क्षणभरही जिवंत असू नये.

पडताळणी करताना डीयू या जागा मोजणाऱ्या आज्ञेच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये, कारण फाइल प्रणाली बदलली की ते आकडे थोडे बदलतातच. दोन्ही सर्व्हर तात्पुरत्या वेगळ्या पत्त्यांवर जोडून आरसिंक चेकसम, ड्राय-रन आणि आयटमाइझ-चेंजेस या पर्यायांसह चालवावा. तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचतो म्हणून वेळ घेतो, पण त्याची यादी रिकामी आली की मजकुराबद्दल शंका उरत नाही. मालकीसाठी मात्र माणसांच्या नजरेने पाहावे : प्रत्येक विभागातील एका व्यक्तीच्या खात्यातून जे उघडायला हवे ते उघडते का आणि जे उघडू नये ते अडते का, हे दोन्ही तपासावे. दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत.

जुना सर्व्हर किमान एक महिना बंद करून, न पुसता ठेवावा. त्या काळात एक मासिक विवरणपत्र आणि एक पगार पार पडतो आणि राहून गेलेले फोल्डर त्याच वेळी आठवतात. नव्या सर्व्हरची रात्रीची प्रत मात्र पहिल्याच दिवसापासून सुरू करावी. आरसिंकच्या लिंक-डेस्ट पर्यायाने न बदललेल्या फाइलींची जागा पुन्हा न घेता रोजची वेगळी प्रत ठेवता येते. आठवड्याची एक कूटबद्ध प्रत कारखान्याबाहेर, इंदिरानगरला किंवा गंगापूर रोडला मालकाच्या घरी जावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही.

महिना संपल्यावर जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी फिरत्या तबकडीची असल्यास श्रेडने संपूर्ण पुसावी. एसएसडीवर श्रेडचा भरवसा नाही. तिथे निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी. जुन्या डिस्कवर पगारपत्रकांबरोबर सर्वांचे पासवर्ड-हॅशही आहेत, आणि त्यांतील बहुतेक पासवर्ड नव्या सर्व्हरवर अजून चालू आहेत.